ऑफिसची बोनेनकाई, साठीचे जपानी साहेब आणि कराओके: कोणतं गाणं म्हणू?

हरिपूरकर | २९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

मी दीड वर्षापासून कावासाकीत आहे, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. आमच्या विभागात अकरा माणसं. त्यात परदेशी मी एकटा आणि तिशीच्या आतलाही मी एकटाच. बुचो, म्हणजे आमचे मोठे साहेब, ५८ वर्षांचे. काचो, म्हणजे त्यांच्या हाताखालचे साहेब, ५२. हिशेब बघणाऱ्या बाई ६१. शिवाय साठीला निवृत्त होऊन पुन्हा करारावर आलेले एक आजोबा आहेत, ६४ वर्षांचे. दिवसाला चार शब्द बोलतात, पण लेथच्या आवाजावरून आत काय बिघडलंय ते सांगतात.

मार्चमध्ये एका साहेबांचा निरोपसमारंभ होता. जेवण झालं, मग निजिकाईला, म्हणजे दुसऱ्या बैठकीला, सगळे कराओकेत. गाणी निवडायची ती पाटी फिरत फिरत माझ्याकडे आली. मी दोन महिने घोकून तयार केलेलं योनेझु केन्शीचं 'लेमन' लावलं. २०१८ चं तुफान गाजलेलं गाणं, सूरही बरा लागला होता. पण दुसऱ्या कडव्याला टॅम्बोरिन थांबला. कुणीतरी चष्मा काढून पुसला. शेवटी टाळ्या पडल्या, पण कशा, तर सांत्वनाला गेल्यावर माणसं मान हलवतात ना, तशा. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी काचोंनी हळूच सांगितलं की ते गेलेल्या माणसाच्या आठवणीचं गाणं आहे, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या मालिकेचं. म्हणजे निवृत्त होणाऱ्या माणसाला मी त्याच्या समोर बसून श्रद्धांजली वाहिली!

आता १२ डिसेंबरला बोनेनकाई आहे, सरतं वर्ष विसरायची पार्टी. या वेळी तरी अब्रू राखायची आहे. दोन गाणी तयार असली की पुरे. माझी कुवत सांगतो: गावाकडं एकादशीच्या भजनात म्हणायचो, आवाज खालच्या पट्टीतला, वर गेलो की फाटतो. हिरागाना-काताकाना वाचतो, कांजीला (चिनी चित्राक्षरांना) अडखळतो. दारू घेत नाही, त्यामुळं धीर येण्याचाही तो मार्ग बंद. एन्का, म्हणजे ती जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, शिकू का? कुठून सुरुवात करू?

पोहे_विथ_वासाबी | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:०२

श्रद्धांजली वाचून ट्रेनमध्ये एकटाच हसलो, शेजारची बाई सरकून बसली.

साहेब साठीचे म्हणजे एन्काच. डोळे मिटून शिका. नाहीतर मात्सुदाइरा केनचं 'मात्सुकेन साम्बा २', २००४ चं. सोनेरी किमोनो घातलेला ऐतिहासिक मालिकांमधला हिरो साम्बा नाचतो. गाता नाही आलं तरी हात हलवले की काम होतं.

कोमल गंधार | ३० नोव्हेंबर, दुपारी १:२५

हरिपूरकर, वयानं मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, चालवून घे. योकोहामात माझं हे अठरावं वर्ष. पहिली दोन सोडली तर दर डिसेंबरला माइक हातात आलेला आहे, आणि शोभा करून घेण्यात मी तुझ्या पुढे होते. ते पुन्हा कधीतरी.

आधी तो एन्काचा गैरसमज काढू. वय बघू नकोस, साल बघ. तुझे बुचो ५८ चे, म्हणजे १९८७ च्या आसपास विशीत. त्या वर्षी इथली पोरं द ब्लू हार्ट्सचं 'लिंडा लिंडा' लावून छताला डोकं लागेपर्यंत उड्या मारत होती. एन्का त्यांच्या वडिलांची! आपल्याकडच्या साठीच्या माणसाला खूश करायला एखाद्या जपान्यानं बालगंधर्वांचं पद म्हणावं, तशातली गत. काका कौतुकानं मान हलवतील, पण त्यांच्या कॉलेजच्या गॅदरिंगला आर. डी. वाजत होता. माणसानं बारा ते बावीस या वयात जे ऐकलं ते त्याला झोपेतून उठवलं तरी येतं, असं माझं निरीक्षण आहे. तुझ्या खोलीतल्या प्रत्येकाची ती दहा वर्षं काढ. आजोबांची १९७३ ते ८३. हिशेबाच्या बाईंची ७६ ते ८६, म्हणजे मात्सुदा सेइको ('आकाई स्वीट पी' १९८२ चं). बुचोंची ७९ ते ८९. काचो लहान, ते सोडले तर बाकीच्यांची कात्री कुठे बसते? १९७९ ते ८३ ला. म्हणून सैजो हिदेकीचं १९७९ चं 'यंग मॅन' कधीच वाया जात नाही. हे तेच अमेरिकन 'वायएमसीए', जपानी शब्दांत. हातांनी चार अक्षरं करायची, बस.

पण तू भजनी माणूस आहेस, तुझ्यासाठी माझ्या मनात दुसरंच आहे. तू केइक्यू रेल्वेच्या कावासाकी स्टेशनवरून जातोस का? गाडी येताना फलाटावर एक धून वाजते. ते साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको', १९६१ चं. माणूस कावासाकीचाच, म्हणून त्या स्टेशनला ते गाणं. (आमच्या योकोहामाला 'ब्लू लाइट योकोहामा' वाजतं. अठरा वर्षांत त्याचा वीट आलेला नाही, यातच काय ते समज.) म्हणजे चाल तुला आधीच पाठ आहे, फक्त तुला ते ठाऊक नाही. अमेरिकेत हे १९६३ साली पहिल्या क्रमांकावर गेलं, 'सुकियाकी' या नावानं. गाण्यात सुकियाकीचा वाससुद्धा नाही, ते तर मांसाच्या रश्श्याचं नाव! आपल्या एखाद्या विरहगीताला परदेशात 'पिठलं' म्हणून विकावं तसं. अर्थ साधा: डोळ्यांतलं पाणी सांडू नये म्हणून वर बघत चालू या. आता तू म्हणशील, पुन्हा रडगाणं. नाही. चाल हसरी आहे, पावलं टाकत जाणारी, आणि मध्ये चक्क शीळ आहे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात साकामोतो गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यामुळे तुझ्या साहेबांच्या वयाच्या माणसांना हे गाणं लागतं, पण गळा काढायला लावत नाही.

आता मुख्य गोष्ट. इथल्या जुन्या गाण्यांत एक सप्तक सारखं येतं, त्याला 'योनानुकी' म्हणतात. यो म्हणजे चार, ना म्हणजे सात, नुकी म्हणजे गाळलेलं. चौथा आणि सातवा स्वर वर्ज्य. मध्यम नाही, निषाद नाही. काय उरलं? सा रे ग प ध. भूप! किशोरीताईंच्या 'सहेला रे'चा भूप. 'उए ओ मुइते' बरंचसं त्यातच फिरतं. सेन मासाओचं 'कितागुनि नो हारु' (१९७७) तर जवळजवळ सरळ भूपात. त्यात शहरात राहणाऱ्या मुलाला गावाकडून आईनं पाठवलेली छोटीशी पुरचुंडी येते, का, तर शहरात तुला ऋतू कळत नसेल. दिवाळीचा फराळ कस्टममध्ये अडकलेल्या कुठल्याही मराठी माणसानं हे म्हणावं. देवळात बसून म्हणतोस तसं म्हण, कुणाची नक्कल नको.

आणि एक पथ्य. प्रत्येक जपानी माणसाचं एक राखीव गाणं असतं, 'ओहाको'. लिहिताना अठरा आकडा लिहितात. काबुकीतल्या इचिकावा घराण्याची अठरा खास नाटकं होती, तिथून ते आलं म्हणतात. दुसऱ्याचं ओहाको आपण आधी म्हणून टाकायचं नाही. साहेबांचं तर नाहीच. पार्टीच्या आधी काचोंना विचारून ठेव, ते आनंदानं सांगतील.

नाकासमोर | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४८

मला हा सगळाच खटाटोप पटत नाही. दारापाशी बसा, ती खालची जागा असते. फोनवरून ऑर्डरी द्या, ग्लास रिकामा दिसला की भरा, टॅम्बोरिन वाजवा. तेवढ्यानं भागतं. साहेबाच्या आवडीचं गाणं पाठ करणं याला आमच्या भाषेत हुजरेगिरी म्हणतात. नऊ वर्षं इथं आहे, एकदाही गायलेलो नाही, नोकरी शाबूत आहे.

कोमल गंधार | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३०

नाकासमोर, टॅम्बोरिनचं मान्य. तो नीट वाजवणारा माणूस दुर्मीळ असतो आणि त्याला पुढच्या वर्षीही बोलावतात.

हुजरेगिरीचं मात्र पटलं नाही. कराओके मुळात कंपनीच्या सहलीतूनच निघालं. कोबेचे इनोउए दाइसुके बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचे. एका कंपनीच्या मालकानं त्यांना सहलीला चला म्हटलं, कारण त्याच्या कच्च्या गळ्याला सांभाळून घेणारी साथ तेवढीच. इनोउएंना जाता येईना, म्हणून त्यांनी त्याच्या पट्टीत साथ टेप करून दिली. त्यावरून सुचलेलं नाणं टाकायचं यंत्र १९७१ चं. पेटंट घेतलं नाही ते नाहीच. २००४ साली त्यांना इग नोबेल (नोबेलचं गमतीदार भावंड) मिळालं, तेही शांततेचं, का, तर माणसांना एकमेकांना सहन करायची नवी रीत शिकवली म्हणून. म्हणजे इथं बेसूर साहेबाला सांभाळून घेणं हे पहिल्या दिवसापासूनचं आहे. त्यांनी आपल्याला सांभाळून घेणंही.

हरिपूरकर | २ डिसेंबर, रात्री ११:५५

गंधारताई, आज सकाळी फलाटावर उभा राहून ऐकलं. दोन गाड्या सोडल्या! दीड वर्ष रोज ऐकतोय आणि मी समजत होतो केइक्यूवाल्यांची जाहिरात आहे.

भूपाचं वाचून पेटीवर (म्हणजे मोबाइलवरच्या पेटीवर) वाजवून बघितलं. बसतंय! आता अडचणी. एक, मला शीळ येत नाही. दोन, पडद्यावर अक्षरांचा रंग भराभर बदलत जातो तेव्हा माझी जीभ मागं राहते. तीन, दुसरं गाणं 'कितागुनि' घेऊ का? काचोंना विचारलं. बुचोंचं ओहाको सदर्न ऑल स्टार्सचं 'इतोशि नो एली' आणि त्यांचं स्वतःचं 'लिंडा लिंडा'. आजोबा कधी गात नाहीत म्हणे.

पोहे_विथ_वासाबी | ३ डिसेंबर, सकाळी ८:०५

सदर्नचा विषय निघालाय म्हणून सांगतो. त्यांचंच 'त्सुनामी' (२०००) चुकूनही लावू नका. गाणं प्रेमाचं आहे, लाट नुसती उपमेला. पण मार्च २०११ च्या खऱ्या त्सुनामीनंतर रेडिओवालेही बरीच वर्षं ते लावताना कचरायचे. खोलीत ईशान्येकडचं कोण बसलंय ते आपल्याला कुठं माहीत असतं. आणि तसंही कनागावात, म्हणजे कावासाकी-योकोहामाच्या या प्रांतात, बसून सदर्न गाऊ नये. त्यांचा गायक कुवाता इथल्याच चिगासाकीचा, त्या लोकांच्या घरचा माणूस आहे. त्यात तो जपानीही इंग्रजीसारखं गातो, आपली बोबडी वळते.

कोमल गंधार | ३ डिसेंबर, दुपारी १२:४०

वासाबी, हे मात्र लाखमोलाचं बोललात.

हरिपूरकर, शीळ नाही तर नाही. तेवढा वेळ टाळी धर. जिभेचं म्हणशील तर ओळी देवनागरीत उतरवून काढ. रोमन अक्षरांत वाचलंस की मेलास. हिरागाना-काताकानाची बाराखडी आपल्या वर्णमालेवरूनच लावलेली आहे: आ इ उ ए ओ, मग का सा ता ना. आणि 'त्सु' बघून मराठी माणसानं घाबरायचं कारणच नाही. चुलीतला चु म्हण, चुंबकातला नव्हे. हिंदीवाले सहकारी इथे 'सु' तरी करतात नाहीतर 'चु' तरी, आपल्याकडे तो उच्चार आजीपासून आहे. 'झा'सुद्धा आपल्या झाडातला.

पट्टीसाठी त्या पाटीवर (देनमोकु म्हणतात तिला) खालीवर करायची बटणं असतात. दोन-तीन घरं उतरव, कुणी हसत नाही, साहेब मंडळी स्वतः उतरवतात. आणि गाणं लांबतंय असं वाटलं तर थांबवायचं बटण दाबून मोकळा हो.

दुसरं गाणं. 'कितागुनि' पुढच्या वर्षाला ठेव, दोन्ही भूपात झाली तर पालखीच निघेल. तू भारतीय आहेस ना? मग गोदाइगोचं 'गांधारा' घे. माझ्या नावाची जाहिरात नव्हे ही! १९७८ च्या ऑक्टोबरपासून दर रविवारी रात्री आठला टीव्हीवर माकडवीर गोकूची मालिका लागायची. एक भिक्षू, माकड, डुक्कर आणि एक जलराक्षस पोथ्या आणायला भारताकडे निघालेले. त्या मालिकेच्या शेवटी हे गाणं. ध्रुपद बरंचसं इंग्रजीत आहे आणि त्यात ते स्वप्नातलं गाव इंडियात होतं म्हणे, असं येतं. तुझे बुचो तेव्हा अकरा वर्षांचे, आजोबा सतराचे, काचो पाच-सहाचे. एकही सुटत नाही. भिक्षूचं काम नात्सुमे मासाको या नटीनं केलं होतं. ती ८५ साली सत्ताविसाव्या वर्षी गेली, तिचं नाव काढलंस तर तेवढ्यावर अर्धा तास गप्पा होतील.

अवांतर: तो भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला, इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून ठेवणारा. हे सांगशील तर जपानी साहेब उडतील.

हरिपूरकर | १३ डिसेंबर, दुपारी ३:२०

वृत्तान्त देतो. आवाज बसलाय, पण अब्रू आहे.

स्टेशनजवळच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरची खोली. बुचो आत, दारापासून सगळ्यात लांब. मी दारापाशी, भिंतीवरच्या फोनखाली, हातात ऊलोंग चहा. काचोंनी 'लिंडा लिंडा'नं सुरुवात केली. सुरुवातीचा संथ भाग ते हातांची घडी घालून, मिटिंगमध्ये बोलतात तशा चेहऱ्यानं म्हणतात आणि मग एकदम उडी! ५२ वर्षांचा माणूस, टाय डोक्याला बांधलेला. मी ते सिनेमातच बघितलं होतं.

मग हिशेबाच्या बाई उठल्या. वासाबीदादा, तुमच्यासाठी खास: त्यांनी एन्का म्हटली. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी'. उएनोहून रात्रीच्या गाडीनं आओमोरीला उतरून बोटीनं पलीकडे होक्काइदो बेटावर परतणाऱ्या बाईचं गाणं. या बाई मूळच्या तिथल्याच हाकोदातेच्या, बोगदा व्हायच्या आधी, ८८ पर्यंत चालू असलेल्या त्याच बोटीनं सुट्टीला घरी जायच्या. त्यांच्याशेजारी मी दीड वर्ष बसतो आणि हे मला काल कळलं.

माझा नंबर आला. पट्टी तीन घरं उतरवली, देनमोकुवर माझं बोट घसरलं आणि चार उतरली. पहिली ओळ अगदी विहिरीतून आल्यासारखी. पण पाय आपोआप ठेका धरायला लागले आणि दुसऱ्या ओळीपासून सगळेच म्हणायला लागले, त्यामुळं माझी पट्टी कुणाच्या लक्षात राहिली नाही. शिळेची जागा आली. मी टाळीला हात उचलले, तेवढ्यात कोपऱ्यातून शीळ आली. आजोबा. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर टेबलावरच्या शेंगांकडे, आणि सूर असा की माझ्या अंगावर काटा आला. पूर्ण शीळ वाजवली, एकही जागा न चुकता. मग ग्लास उचलून प्यायले. बुचो म्हणाले, चौतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय.

'गांधारा'ला मात्र गोंधळ झाला. गाणं झक्कास झालं, ध्रुपदाला सगळ्यांचे हात वर. संपल्यावर बुचोंनी विचारलं, हे गांधारा भारतात नेमकं कुठं? मी प्रामाणिकपणे सांगितलं, की आता ते पाकिस्तानात येतं, पेशावरच्या बाजूला. खोलीत शांतता. मला पुन्हा 'लेमन' आठवलं. काचोंनी फोनवर शोधून नकाशा फिरवला. आजोबांनी तो बघितला, फोन परत दिला आणि ठामपणे म्हणाले, गाण्यात इंडिया आहे, म्हणजे इंडिया. यावर मतदान घेतलं. मी हरलो, दहा विरुद्ध एक.

ह्युएन त्संग सांगायचा राहिलाच, कारण तेवढ्यात फोन वाजला, दहा मिनिटं उरली म्हणून. बुचोंनी हातवारे केले, मी आणखी एक तास वाढवून घेतला. एलीची पाळी यायची होती.

नाकासमोर | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

वाचलं. बरं झालं. टॅम्बोरिन कुणाकडे होता?

पोहे_विथ_वासाबी | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

एन्का! एन्का म्हटली बाईंनी! गंधारताई कुठं आहेत?

कोमल गंधार | १३ डिसेंबर, रात्री ९:०३

इथेच आहे. ते गाणं १९७७ चं. बाई तेव्हा तेरा वर्षांच्या. बारा ते बावीस, वरचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

हरिपूरकर | १३ डिसेंबर, रात्री ९:३०

नाकासमोरदादा, टॅम्बोरिन बुचोंकडे होता. शेवटपर्यंत सोडला नाही, आणि समेवर एकदाही आला नाही.